ऐकणाऱ्याचा वाटा

१

रविवारी नंदिनीची शर्यत उन्हाशी असे. हॉलच्या खिडकीतून आत आलेलं ऊन साडेदहाला सोफ्याच्या पायाशी असायचं, अकराला पाटापर्यंत सरकायचं. तेवढ्या वेळात अंघोळ, पूजा, विड्याच्या पानावर रक्तचंदनाचा सूर्य, सहा पदरी दोऱ्याला सहा गाठी, हे सगळं उरकून तिला पाटासमोर बसायचं असे. मधेच कुणी बेल वाजवली तर ती तोंडानं काही बोलायची नाही, पण भांडी जरा जोरात ठेवायची.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी तिनं व्रत धरलं होतं. बारा रविवार. मागणं एकच, यांचा आवाज परत येऊ दे.

जयप्रकाशराव तीस वर्षं जासईच्या कंटेनर यार्डात होते. क्रेनच्या गोंगाटावर आपला आवाज चढवून कंटेनरचे नंबर सांगायचे. त्यामुळे हळू बोलणं त्यांना घरीही जमायचं नाही. खांदेश्वरच्या सहाव्या मजल्यावरून त्यांनी "नंदिनी, चहा!" म्हटलं की खाली गेटवर वॉचमन म्हणायचा, "वहिनी, टाका लवकर." फाल्गुनात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, हातही बराचसा सावरला. आवाज गेला तो मात्र गेलाच. डॉक्टर म्हणाले होते, येईल, कदाचित नाहीही येणार, प्रयत्न सोडू नका. नंदिनीनं त्यातलं "येईल" तेवढं उचललं होतं.

व्रताची कहाणी भिंतीला सांगून भागत नाही. तिच्या माहेरची रीत होती ती अशी: सांगणारी उपाशी, ऐकणाराही उपाशी, दोघांच्या मुठीत अक्षता. सांगणारी जिथं थांबेल तिथं ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं. कहाणीत थांबायच्या अशा अकरा जागा. शेवटी सांगणारीनं आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता ऐकणाऱ्याच्या ओंजळीत घालायच्या आणि म्हणायचं, मला मिळेल त्यातलं अर्धं तुला.

नऊ रविवार हुंकार द्यायला समोरच्या फ्लॅटमधल्या दुर्गाबाई यायच्या. त्यांचा हुंकार असा, की झोपेतला माणूस दचकावा. शनिवारी संध्याकाळी त्या दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, मी उरनला जाताव. पोरीचे दिवस भरलेन."

"अगं बाई! जा, जा. सुखरूप सुटू दे तिला."

"त्ये हाय, पन तुमची कहानी कोन ऐकल? तीन रविवार ऱ्हायलेत."

"देव बघेल," नंदिनी म्हणाली. दार लावल्यावर मात्र ती बराच वेळ कडीला हात लावून तशीच उभी राहिली.

२

"मी बाद," वैदेही म्हणाली. "मी पोहे खाल्ले."

"इतक्या सकाळी?"

"आई, मला अ‍ॅसिडिटी आहे. माझ्या हुंकारात ढेकर येईल. चालेल देवाला?"

वैदेही तिची एकुलती एक मुलगी, तिशीला टेकलेली. मागची खोली तिनं ऑफिस करून टाकली होती. तिथं टेबलावर दोन स्क्रीन आणि खाली दोन काळे खोके असायचे, त्यांवर हिरवे दिवे लुकलुकत. सूर्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या एका यानावरच्या यंत्राची नोंद वैदेही सांभाळायची. तिनं ते एकदा कणीक मळता मळता आईला समजावलं होतं. सूर्यातून सतत विजेनं भारलेला वायू वाहत असतो, त्यात लाटा उठतात, यानाच्या लांब काड्या त्या लाटा टिपतात. टिपलेलं यानावरच्याच मेमरीत साठतं. ती मेमरी लहान, भरली की जुनं पुसून त्यावर नवीन चढतं. म्हणून वैदेही आधी नुसता गोषवारा बघायची, त्यातलं ठेवण्यासारखं काय ते निवडायची, त्याची लिस्ट यानाला जायची, आणि तेवढंच खाली यायचं. मग त्याच्यावर दिवस, तास, सेकंद घालून त्या काळ्या खोक्यांत दोन प्रती ठेवायच्या.

"बरण्या आवरण्यासारखंच की," नंदिनी तेव्हा म्हणाली होती.

"तसंच. फक्त बरणी पंधरा लाख किलोमीटर लांब ठेवलीय."

त्या लाटांचा आवाज करूनही वैदेही ऐकायची. डोळ्यांना चुकवतं ते कानाला कळतं म्हणे. कधी पहाटेच्या पाखरांसारखं काही, कधी वरून खाली घसरत गेलेली शीळ, बराच वेळ नुसती खरखर. आजही मागच्या खोलीतून ते चालूच होतं.

नंदिनी अक्षतांची वाटी हातात घेऊन दाराशी आली.

"तुझं यान खातं काय गं?"

"यान? काही नाही. उन्हावर चालतं."

"म्हणजे उपाशीच."

वैदेही खो खो हसली. "आई, तू ग्रेट आहेस! जा, सांग त्याला. मी अंघोळीला जाते, तोवर तुझंच राज्य. कशाला हात तेवढा लावू नकोस."

नंदिनीनं खरंच पाट उचलून मागच्या खोलीत आणला. ऊन तिथंही येत होतं, काळ्या खोक्यांच्या कडेवर पातळ पट्टी पडली होती. खोक्यापुढे तिनं कागदावर चिमूटभर अक्षता ठेवल्या. आपण वेडेपणा करतोय हे तिला कळत होतं. पण सूर्याचं व्रत, सूर्याकडे तोंड करून बसलेलं यान, आणि तेही निराहार. याहून सोवळा श्रोता खांदेश्वरात कुठून आणायचा?

तिनं कहाणी सुरू केली. पहिल्या जागी थांबली. स्पीकरमधल्या खरखरीतून एक जाडसर, आखूड आवाज आला.

हूं.

तिला हसू आलं. ती पुढे गेली. दुसऱ्या जागी पुन्हा. तिसऱ्या जागी पुन्हा. अकराव्या जागेला तर तो आवाज दुर्गाबाईंच्या वरताण निघाला. नंदिनीनं आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता कागदावर ओतल्या आणि हळूच म्हटलं, "मला मिळेल त्यातलं अर्धं तुला."

हॉलमधल्या खुर्चीत जयप्रकाशराव बसले होते. रोज ते खिडकीकडे बघायचे. ती बाहेर आली तेव्हा ते मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

३

सोमवारी वैदेही जेवायलाच उठेना. नंदिनी ताट घेऊन गेली तर ती स्क्रीनला नाक लावून बसलेली.

"काय झालं?"

"काही नाही. घाण आलीय एका रेकॉर्डिंगमध्ये. हे बघ, हे असे ठिपके. यानाची मोटर असती तर ठरावीक अंतरानं आले असते. यंत्राचा बिघाड म्हणावा तर आधी नाहीत, नंतर नाहीत. सरांना काय लिहू तेच कळेना."

निळ्या पडद्यावर नारिंगी ठिपके होते, डावीकडून उजवीकडे गेलेले. नंदिनीला स्क्रीनवरचं कधी काही कळलं नव्हतं. पण हे कळलं. पहिले दोन जवळजवळ. मग मोठं अंतर, कारण तिथं कहाणीतली राणी नदी ओलांडते आणि ते सांगायला वेळ लागतो. मग तीन पाठोपाठ. अंधारात आपल्याच जिन्याच्या पायऱ्या पायांना कळाव्यात तसं तिला ते कळलं. तिनं मोजले. अकरा.

"हे काल वाजत होतं तेच ना?"

"हो."

"कालचं आहे?"

"छे! काल खाली आलं. टिपलंय एकोणीस दिवस आधी. ही बघ तारीख."

ताट तिनं टेबलावर ठेवलं. ओट्याशी जाऊन उगाच कोथिंबीर निवडत राहिली. डोकं ताळ्यावर ठेव, असं स्वतःलाच बजावत तिनं विचार केला, आणि विचाराअंती सरळ उत्तर सापडलं. आवाज आधीच वाजत होता. तिथं हूं आलं की आपण थांबलो असू. कहाणी तोंडपाठ, कान आवाजाकडे. जीभ आपोआप तालावर गेली असणार. भजनात नाही का होत तसं? तो ऐकत नव्हता, आपणच त्याच्या मागे चाललो होतो.

एवढं पटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. कोथिंबिरीची पानं केराच्या टोपलीत आणि काड्या डब्यात असं उलटं टाकत होतो, हे तिच्या खूप उशिरा लक्षात आलं.

४

अकराव्या रविवारी तिनं परीक्षाच घ्यायची ठरवली. वैदेही भाजी आणायला बाहेर गेलेली. जाताना तिनं स्पीकर बंद केला होता. नंदिनीनं तो बंद आहे ना हे दोनदा पाहिलं. खोलीत फक्त खोक्यांचा पंखा फिरण्याचा बारीक आवाज होता, आणि दूर विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाची घरघर.

कहाणी सुरू झाली. पहिली जागा. ती थांबली. काही नाही. दुसरी. काही नाही. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे तिला ठरवता येईना. हुंकाराशिवाय कहाणी म्हणजे पलीकडून कुणी न उचललेल्या फोनवर बोलत राहणं. पण ऐकू आला नाही म्हणजे दिला नाही, असं थोडंच आहे? देव तरी कधी हूं म्हणतो?

सातव्या जागेच्या जरा पुढे हॉलमधून फुलपात्र पडल्याचा आवाज आला. ती धावली. जयप्रकाशरावांच्या हातून पाणी सांडलं होतं, टाइल्सवरून पार चपलांच्या रॅकपर्यंत गेलेलं. तिनं फडकं आणलं, पुसलं, त्यांची लुंगी बदलली, "असू दे हो, असू दे," असं म्हणत पुन्हा येऊन बसली. कहाणी अर्धी टाकायची नाही, म्हणून सोडली तिथूनच उचलली. शेवटी अर्ध्या अक्षता कागदावर ओतल्या, तेच शब्द म्हटले.

त्या दिवशी चारच्या चहाला जयप्रकाशरावांनी कप खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"नं...नी."

चहाची किटली तिच्या हातात तशीच राहिली.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा! वैदू, अगं वैदू, बाबा बोलले!"

"वै...ही," जयप्रकाशराव म्हणाले.

वैदेही येऊन त्यांच्या गुडघ्याला मिठी मारून रडली. नंदिनीनं देवापुढे साखर ठेवली, समोरच्या बंद फ्लॅटच्या दाराला नमस्कार केला, उरणला फोन लावून दुर्गाबाईंना सांगितलं. तिकडून त्या एवढ्या ओरडल्या की त्यांची नवी नात जागी झाली.

रात्री अंथरुणावर पडल्यावरच नंदिनीला ती गोष्ट आठवली. नावाचा मधला तुकडा येत नव्हता, ते ठीकच, आजारी माणूस आहे. पण त्या मधल्या जागी त्यांचे ओठ थांबले नव्हते. जीभ टाळूला लागली होती, गळ्याची शीर हलली होती. सगळं नीट झालं होतं. फक्त आवाज तेवढा इथं आला नव्हता.

५

बुधवारी पनवेलच्या थेरपीवाल्या मॅडमनी पाठ थोपटली. "सुपर प्रोग्रेस, काका!" काका म्हणाले, "थँ...यू." येताना रिक्षात नंदिनी त्यांच्या ओठांकडेच बघत होती. अर्धं बोलत होते. बरोब्बर अर्धं. एक तुकडा यायचा, एक जायचा.

घरी आल्यावर वैदेहीनं तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"आई, रविवारी मी नव्हते तेव्हा तू इथं कहाणी सांगितलीस?"

"सांगितली. कशालाच हात लावला नाही."

"मधे थांबली होतीस?"

नंदिनीनं फुलपात्राचं सांगितलं. वैदेहीचा चेहरा उतरला.

"किती वेळ?"

"पाणी पुसायला लागतो तेवढा. चार-पाच मिनिटं."

"चार मिनिटं दहा सेकंद," वैदेही म्हणाली.

पडद्यावर पुन्हा ते ठिपके. सात, मग लांबलचक रिकामी जागा, मग चार. हे आज सकाळी खाली आलं होतं. टिपलं होतं त्या रविवारच्या बारा दिवस आधी. म्हणजे फुलपात्र पडायच्या बारा दिवस आधी त्या यंत्रानं, तिथं, कुणीच नसलेल्या जागी, पाणी पुसून होईस्तोवर वाट पाहिली होती.

"योगायोग," वैदेही म्हणाली. "माणसाला कशातही पॅटर्न दिसतो. ढगात नाही का घोडा दिसत? मी स्वतः शिकवते हे इंटर्नना."

"मग घाबरलीस का?"

 वैदेहीनं हेडफोन आईच्या कानाला लावला. "ती रिकामी जागा पूर्ण रिकामी नाहीये. एकदाच ऐक. मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. तू सांग."

खरखर. खरखरीत दूरवर काहीतरी, विहिरीत वाकून बोलल्यासारखं. "दि," असं. मग बराच वेळ काही नाही. मग "दे."

नंदिनीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. तेहेतीस वर्षं ज्या आवाजानं तिला हाका मारल्या होत्या तो तिला ओळखायला शिकवावा लागणार नव्हता. नंदिनीतला दि. वैदेहीतला दे. इथं ओठ हलले होते, आणि आवाज तिथं गेला होता. नव्हे, इथं ओठ हलायच्या आधीच तिथं पोचला होता.

अर्धं तुला, असं तीच म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती. तेव्हा तिच्या मनात पुण्य होतं, अक्षता होत्या. आपण व्रतात मागितलंय काय, आणि त्यातलं अर्धं म्हणजे काय, हा हिशोब तिच्या मनालाही शिवला नव्हता. दुर्गाबाईंना नऊ रविवार अर्धं दिलं होतं, त्यांनी ते पदरात बांधून घरी नेलं, काही बिघडलं नव्हतं. त्यांना स्वतःचा आवाज होता.

"आई? काय ऐकू आलं?"

"काही नाही गं," नंदिनी म्हणाली. "ढगातला घोडा."

६

गुरुवारी दुपारी लिस्ट जायची होती.

वैदेहीनं गोषवारा उघडला होता. त्यात मंगळवारचा एक लांब पट्टा होता, चाळीस मिनिटांचा. एवढं मोठं त्या यंत्रानं याआधी एकसलग कधीच टिपलं नव्हतं. गोषवाऱ्यात ठिपके दिसत नव्हते, नुसता दाट नारिंगी रंग. तो आत्ता यानावर होता. लिस्टमध्ये घातला तर रविवारपर्यंत खाली आला असता. नाही घातला तर त्यावर दुसरं काहीतरी चढलं असतं, आणि तो कायमचा गेला असता.

"आधी एकोणीस दिवस," वैदेही म्हणाली. "मग बारा. रविवार धरला तर हा पाच. आई, मला हे घरात नकोय."

"त्यात त्यांचा आवाज असेल."

"तो आवाज नाहीये! लाटा आहेत."

"बरं, लाटा. पण पुसल्या तर परत येतील का?"

"नाही."

"मग?"

वैदेही चिडली. ती चिडली की अगदी बापासारखी दिसायची. "तुझं हे असंच असतं. तुला वाटतं, सगळं चांगल्यासाठीच होतं. मी इथं बसून दिवसभर हेच करते, आई, हे ठेवायचं, ते टाकायचं. ज्याचं कारण कळत नाही ते वेगळं काढून ठेवायचं असतं. मांडीवर घेऊन बसायचं नसतं."

"मी कुठं म्हणते मला कळतंय?" नंदिनी म्हणाली. "मला काहीच कळत नाहीये. देवानं ऐकलं की आणि कुणी, तेही कळत नाही. पण सात महिने तो माणूस भिंतीसारखा बसला होता, आणि रविवारी त्यानं मला हाक मारली. अर्धी का होईना. उरलेली अर्धी तिथं असेल, तर तू ती पुसणार?"

 दार लोटलेलं होतं. फटीतून हॉलमधली खुर्ची दिसत होती. जयप्रकाशरावांनी ती केव्हातरी स्वतःच वळवून घेतली होती; खिडकीकडे पाठ, या दाराकडे तोंड. त्यांचे ओठ हलत होते. एकसारखे, न थांबता, माणूस मनातल्या मनात पाठांतर करतो तसे.

वैदेहीनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसले आणि तो पट्टा लिस्टमध्ये घातला.

७

बारावा रविवार. ऑक्टोबरचं ऊन साडेदहालाच टोचत होतं. तळोज्याच्या कारखान्यांकडून आंबूस वास आला म्हणून नंदिनीनं खिडकी लावून घेतली. आज उद्यापन. आज ती मागच्या खोलीत बसणार नव्हती, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं. पाट हॉलमध्ये, जयप्रकाशरावांच्या पायाशी मांडला. तेच ऐकतील. हुंकार त्यांचा, वाटाही त्यांचाच. ज्याचं त्याला मिळेल. हे आधी कसं सुचलं नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी मन हलकं झालं.

मागच्या खोलीत वैदेही सकाळी आलेली फाइल उघडत होती.

नंदिनीनं अक्षता मुठीत घेतल्या. पहिला शब्द ओठांवर आला, आणि जयप्रकाशरावांनी वाकून तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. अलगद उघडली. अक्षता स्वतःच्या मुठीत घेतल्या. चारच दाणे तिच्या तळव्यावर ठेवले.

"ऐक," ते म्हणाले.

अख्खा शब्द. मधे कुठं भोक नाही, तुटलेलं नाही. तिच्या डोळ्यांत झरकन पाणी आलं.

"पाणी नव्हतं," जयप्रकाशराव म्हणाले. "वारा नव्हता. तरी लाटा येत होत्या. त्या लाटांत एक जण बसला होता. उपाशी."

आणि थांबले.

तिच्या कहाणीत थांबतात तसेच. मान किंचित पुढे, भुवया वर. वाट बघत.

तिनं हूं म्हटलं नाही. ही कहाणी तिची नव्हती. तिच्या माहेरची नव्हती, सासरची नव्हती, कुठल्या पोथीतली नव्हती. कहाणी सांगतात ती व्रतासाठी, आणि व्रत धरतात ते काहीतरी मागण्यासाठी. हे कुणाचं व्रत? काय मागितलंय? हूं म्हणणाऱ्याला अर्धं मिळतं. कशातलं अर्धं?

जयप्रकाशरावांचे ओठ पुन्हा हलू लागले. पण आवाज विरत गेला, दूर दूर, उतरणाऱ्या विमानातून कुणी बोलावं तसा, आणि मग नुसते ओठ. डोळे तेवढे तिच्यावर खिळलेले. ते डोळे त्यांचेच होते, याची ती शपथ घ्यायला तयार होती. त्यांत भीती होती की आर्जव, ते मात्र तिला वाचता येईना.

"आई!"

वैदेही दारात उभी होती. हेडफोन गळ्यात, एक हात चौकटीला.

"आत्ता बाबा काय म्हणाले? पाणी नव्हतं, वारा नव्हता?"

"तुला ऐकू आलं?"

"इकडून नाही. यात आहे ते. मंगळवारच्या फाइलमध्ये. शब्दन् शब्द." तिनं गळ्यातला हेडफोन मुठीत धरला. "आणि यात हुंकार आहेत. तुझे."

"माझे कसे असतील?"

"तुझा आवाज मला कळणार नाही?"

"किती आहेत?"

"माहीत नाही. मी शेवटाला नेऊन बघितलं. फाइल संपते, ते संपत नाहीत." ती दोन पावलं पुढे आली आणि तिथंच थांबली, जणू पुढे ओल होती. "आई, माझं ऐक. तू हुंकार देऊ नकोस. तू नाही दिलास तर हे चुकीचं ठरेल, कळतंय का? मग ती नुसती घाण आहे, मी ती फेकून देईन. तू फक्त गप्प बस. प्लीज."

नंदिनी नवऱ्याकडे वळली. ओठ अजून हलत होते, पण मंद. चेहऱ्याची ती फाल्गुनातली भिंत डाव्या गालापासून परत चढू लागली होती. थोड्या वेळानं ओठही थांबतील. मग खुर्ची, खिडकी, सकाळची गोळी, रात्रीची गोळी.

"बोलत होते गं ते," ती म्हणाली. "तू ऐकलं नाहीस. अगदी पहिल्यासारखे."

"आई, नको..."

"हूं," नंदिनी म्हणाली.

जयप्रकाशरावांचा आवाज भरून आला. यार्डातला, खणखणीत, खिडकीची काच हलवणारा. खाली गेटवर कुणीतरी आनंदानं ओरडलं, "साहेब बोलले!" वैदेही भिंतीला टेकत टेकत खाली बसली. कहाणी पुढे निघाली. नंदिनीनं ती जन्मात ऐकली नव्हती. तरी पुढची थांबायची जागा कुठली, हे तिला दोन वाक्यं आधीच कळलं. आणि जयप्रकाशराव तिथं पोचायच्या आतच तिचे ओठ मिटले होते, नाकात तो आवाज घुमायलाही लागला होता.